सरकारदरबारी जिवंत

इथे आखातात, उम्म अल हस्सम भागात, आमच्या वरच्या मजल्यावर एक आयरिश बाई राहते. शाळेत शिकवते, चहा माझ्याकडे पिते आणि साखर नको नको म्हणत दोन चमचे घेते. गेल्या हिवाळ्यात तिला गावी आजीच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. त्यावर काय कोरायचं ते नक्की करायला ती लॅपटॉपवर गावच्या जुन्या करनोंदी उकरत बसलेली असायची.

एका शुक्रवारी खाली आली ती तोंड पाडून. "आजी खोटं बोलली," म्हणाली. आजोबा इंग्लंडला मजुरीला गेले नि तिकडेच वारले, असं आजीने जन्मभर सांगितलं. पण नोंदीत त्यानंतरही कितीतरी वर्षं घर-शेत त्यांच्याच नावावर. म्हणजे माणूस जिवंत होता, आजीला टाकून गेला असणार, आणि पोरांना मात्र बाप मेला म्हणून सांगितलं. "दगड-बिगड खलास," म्हणाली.

मला हसूच आलं. अगं बाई, एवढंच होय? मी मोबाइलवर आमच्या रत्नागिरीकडच्या शेताचा सातबारा उघडला. जमीन कोणाची, ते सांगणारा आमचा सरकारी कागद.

"हे माझे बाबा. मी कॉलेजात असतानाच गेले. पण सरकारदरबारी अजून भात लावतायत."

"मग नाव कोणी बदललं नाही?"

"कर भरला की साहेब विचारायला येत नाही, कोण आहे नि कोण गेलं." आणि मग मी तलाठी कचेरीचा यथेच्छ उद्धार केला. तिने सगळा ऐकून घेतला.

"आणि तुझी आई काय म्हणते?"

इथे माझी गाडी अडली. भावाने कागद दोनदा तयार केले होते, आईनेच सही केली नाही. फोनवर आमचं यावरून हमखास वाजतं. "त्यांचं नाव आहे तोवर बांधाला कोण हात लावत नाय," एवढंच म्हणते ती.

मी ते सांगितलं तसा बाईने कप खाली ठेवला. "माझी आजीपण. पाच पोरं, आणि एकटी," म्हणाली, आणि रडली. मीही रडले, त्यात लाज कसली.

उन्हाळ्यात ती दगड बसवून आली. फोटो दाखवला. वर आजोबांचं नाव, खाली आजीचं.

"पण आजोबा तर इंग्लंडात पुरलेत ना?" मी विचारलं.

"हो," म्हणाली. "पण तिने ते नाव एवढी वर्षं ठेवलं, मी कशाला काढू?"