तोगाशीसानचा सोडलेला नाश्ता

प्रयोगशाळेतल्या अकराच्या अकरा बाटल्या मी मारल्या, त्याही नाश्ता करून. आम्हा जपानमधल्या मितो शहराच्या माणसांना सकाळी गरम भातावर नात्तो लागतोच. आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या तारा हनुवटीला चिकटल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. नात्तो खाऊन प्रयोगशाळेत यायचं नाही, हा नियम मोडून मी तो खाल्ला आणि कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी बाटल्यांतलं गुलाबी पाणी गढूळ.

माझ्या वरिष्ठ बाई तोगाशीसान यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओनुकी, सकाळी काय गिळलं होतंस?"

"हात धुतले होते हो. स्पिरिटही चोळलं होतं."

"नात्तोचे जंतू स्पिरिटला भीक घालत नाहीत. तुझ्याइतकेच निर्लज्ज."

बाटल्यांत माणसाच्या कातडीच्या पेशी होत्या आणि पेशींत एका रुग्णाकडून मिळालेले परजीवी. हे पाहुणे पेशीत शिरतात, आत पोरंबाळं वाढवतात, घर फोडून बाहेर पडतात आणि लगेच दुसरं घर मागतात. एकोणीस वर्षं, दर तिसऱ्या दिवशी, तोगाशीसाननी त्यांना नव्या पेशी दिल्या. नववर्षाचीसुद्धा सुट्टी नाही. माणसांशी मात्र उभा दावा. दारावर त्यांच्या हातची पाटी: 'शिंकायचं ते घरी शिंकून यावं.' त्यांचे वडील नात्तो बनवणारे. नोकरीच्या पहिल्या दिवशी लेकीनं नात्तो सोडला, तर ते सहा महिने बोलले नाहीत. "घरात शांतता होती," एवढंच त्या सांगत.

एकतीस मार्चला त्या निवृत्त होणार होत्या आणि हे सगळं माझ्याकडे येणार होतं. गोठवणीची टाकी बिघडल्यापासून या परजीवींची जपून ठेवलेली एकच गोठवलेली कुपी शिल्लक होती.

"ही मेली तर वाण संपला," कुपी कोमट पाण्यात धरत त्या म्हणाल्या. "जगली तरी तुझ्या हाती द्यायच्या आधी ब्लीच ओतीन."

कुपीतले जीव नव्या पेशींत सोडले, पण पाच दिवस काहीच दिसलं नाही. मी माफीची मिठाई नेली. "बाहेर ठेव. तूही तिथेच थांब."

सहाव्या दिवशी त्यांनी मला कॉलर धरून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. पेशींच्या पोटात चंद्रकोरीएवढाले... छे, चंद्रकोरीसारखे इवले जीव दाटीवाटीनं बसले होते. माझे डोळे भरून आले.

"रडायचं तर लांब जाऊन. मीठ पडेल आत."

एकतीस मार्चला त्यांनी घरी जायला कोट चढवला, प्रयोगशाळेची चावी माझ्यासमोर आपटली. मी कमरेत वाकलो.

"तोगाशीसान, माफ केलंत ना मला?"

"नाही, उद्यापासून नात्तो मी खाणार, तू नाही."