ब्रेडची दृष्ट

ब्रेडची दृष्ट काढू नये, हे कुठल्याही रेसिपीत लिहिलेलं नसतं. लिहिलं असतं, तर चार वर्षं मी हे ओझं घेऊन मुलुंडभर फिरलो नसतो.

त्या दिवशी आमची ही, म्हणजे शालिनी, पहिल्यांदाच घरी ब्रेड करत होती. चारला बोरिवलीहून तिची धाकटी बहीण नंदा चहाला येणार होती. (नंदाने बेकिंगचा क्लास केलाय, हे ती कुणाला विसरू देत नाही.) "ताई, तुझे घावणे झकास, पण ब्रेड तुझं काम नाही गं!" असं ती फोनवर म्हणाली आणि ही पेटली!

यीस्ट घालून पीठ मळलं, वर ओलं फडकं टाकलं. "अहो, दोन तास हात लावायचा नाही!" असं बजावून ही बाजारात गेली.

दोन तास! मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. फडकं उचललं. झाकलं. फेरी मारली. पुन्हा उचललं. पीठ दुप्पट! बाळसं धरलेलं, गुटगुटीत! आमच्या कोकणात गुटगुटीत बाळाची आधी दृष्ट काढतात. मुठीत मीठ, मोहरी, दोन सुक्या मिरच्या घेतल्या आणि ओवाळू लागलो. "आल्याची, गेल्याची, बोरिवलीच्या मेहुणीची..."

तेवढ्यात बेल वाजली. मी दचकलो आणि मूठ उघडली!

मिरच्या वेचल्या. मीठ-मोहरी कशी वेचणार? दाबून आत ढकलली आणि बाजारातून परतलेल्या हिला दार उघडलं. पीठ जे फुस्स करून बसलं, ते उठलंच नाही. चारला ओव्हनमधून वरवंटा निघाला.

"ताई, मुलुंडचं मिठागर भाजलंस काय गं?"

"मीठ दोनदा पडलं माझ्याकडून."

"आणि हे काळं काय?"

"तीळ," ही म्हणाली.

मी कपात तोंड घातलं!

ओव्हन माळ्यावर गेला. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला, कुणी न सांगता, बेकरीतून गरम पाव आणू लागलो. चार वर्षं!

काल राहवेना. सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," ही म्हणाली. "दार उघडलंत तेव्हा मिरच्या हातातच होत्या तुमच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"नंदासमोर? आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून उठून पाव आणलेत. लग्नानंतर पहिल्यांदाच! म्हटलं, कशाला दृष्ट लावा?"

आज ओव्हन खाली उतरलाय. पीठ फुगेपर्यंत मला घराबाहेर काढलंय. हे सगळं सोसायटीच्या बाकावर बसून लिहितोय. खिशात मीठ नाही ना, हे तपासूनच हिने दार लावलं!