चौदाशे वर्षांचा गिलावा

अख्ख्या अमिरातीत बघण्यासारखी इमारत एकच आहे आणि ती गुडघ्याएवढी आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. जगातली सगळ्यात उंच इमारत त्यांच्या अल मनखूलच्या गच्चीवरून स्वच्छ दिसते. साडू तिच्याकडे पाठ करून चहा पितात. कुणी पाहुण्याने कौतुकाने मान वर केलीच तर म्हणतात, "ठीक आहे. काचेचं काम आहे. चौदाशे वर्षांनी बोलू."

चौदाशे हा त्यांचा लाडका आकडा. अबूधाबी ओलांडून पश्चिमेला गाडीने तास-दोन तास जायचं, मग बोटीत बसायचं, मग एका बेटावर उतरायचं. तिथे वाळूत एका ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. मधोमध चर्च, भोवती साधूंच्या खोल्या, पाण्याची टाकी, सगळं साधारण चौदाशे वर्षांपूर्वीचं. समुद्रातला प्रवाळाचा दगड आणि चुना, एवढ्यावर बांधलेलं. भिंती आता कुठे गुडघ्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत उरल्यात, आणि वर ऊन लागू नये म्हणून सरकारने छप्पर घातलंय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी बांधकाम परवानगीपायी अडकलंय. दुर्दैवाने हे मी मोठ्यांदा बोललो. त्यानंतर सहा महिने साडू माझी ओळख "हे आमचे साडू, अकाउंट्समध्ये आहेत, त्यांचा दोष नाही," अशी करून देत.

त्यांच्या या प्रेमाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडू सिव्हिल इंजिनियर. नव्या इमारतीची किल्ली मालकाला देण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं काम. हातात टोकाला लोखंडी गोळी असलेली एक काठी. ती फरशीवर ठोकायची, आवाज पोकळ आला की तिथे एक लाल टिकली चिकटवायची. तिरकं दार, टिकली. फुगलेला रंग, टिकली. आम्ही शारजाला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा पूजेला आले होते. आरती संपेपर्यंत आमच्या हॉलला गोवर आल्यासारखं झालं होतं. माझी बायको ताईंना, म्हणजे आपल्या बहिणीला, म्हणाली, "ताई, तुझ्या नवऱ्याला आवर." ताई म्हणाल्या, "बाई गं, मला बघायला आले तेव्हा हे आमच्या दाराची चौकट बघत बसले होते. मला काय सांगतेस." अशा माणसाला उभ्या आयुष्यात जिच्यावर एकही टिकली लावावीशी वाटली नाही, ती भिंत त्या बेटावर आहे. मग माणूस प्रेमात पडणार नाही तर काय करेल?

त्यामुळे भारतातून कुणीही आलं, की साडू त्याला बेटावर नेतात. आणि नुसतं दाखवत नाहीत, बांधून काढतात. हवेत हात फिरवून भिंती उभ्या करतात, वर छत चढवतात, पूर्वेला वेदी ठेवतात. "हे चर्चचं दार. वाकून या, चौकट खाली आहे." चौकट चौदा शतकांपूर्वी पडलेली. पण आमचे सासरे, ज्यांचा गुडघा जिना चढायला नकार देतो, ते साडूंच्या आवाजातल्या जरबेने कमरेत वाकून आत गेले आणि आत गेल्यावर सरळ होताना "आई गं" म्हणाले. साडूंना वाटलं, छत बघून म्हणाले. माझी मुलं मागच्या वेळी गाडीतच बसून राहिली. "काका, वुई हॅव सीन द रॉक्स," म्हणाली. साडू शांतपणे म्हणाले, "यल्ला, चला, मग परत बघा. रॉक्स बदलत नाहीत, बघणारा बदलतो."

इथवर सगळं घरातल्या घरात चाललं होतं. पण साडूंच्या व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या फोटोच्या जागी, तीन वर्षं, एक क्रूस होता. त्या चर्चच्या गिलाव्यात कोरलेला, सुरेख, टोकाला ठिपके असलेला. साडूंच्या लेखी तो गिलाव्याचा फोटो होता. "चुन्याची कड बघ, अजून धार आहे," असं ते मला मोठं करून दाखवत. आणि तिसऱ्या वर्षी आमच्या भाचीचं, म्हणजे साडूंच्या मुक्ताचं, जमत आलं. मुलगा अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकवणारा, सांगलीचा. दोघांचं एकमेकांशी आधीच पक्कं. फक्त मुलाच्या आईचा होकार यायचा होता. वडील नाहीत; बाईंनी एकटीने वाढवलेला एकुलता एक मुलगा. त्याने स्पष्ट सांगितलेलं, आई हो म्हणाली तरच. मुक्ताची दोन आठवडे झोप उडाली होती.

मध्यस्थ मी. एका संध्याकाळी सांगलीहून फोन. "भावजी, एक विचारते, राग मानू नका. मुलीचे वडील चर्चला जातात का?"

आता खरं उत्तर "हो, दर दोन महिन्यांनी, पाहुणे घेऊन" असं होतं. ते मी गिळलं. आमच्या घराण्यात आणीबाणीच्या वेळी मला जे सुचतं ते नेहमीच सगळ्यात वाईट असतं. मी म्हणालो, "छे हो. तो हॉस्पिटलचा लोगो आहे. साडू हॉस्पिटल बांधतायत."

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांच्या "असं होय"मध्ये एक पोकळ आवाज आला, तो मला काठी न ठोकताही ऐकू आला.

मी साडूंकडे धावलो. "भाऊ, तो फोटो काढा. लग्न होईपर्यंत गणपती लावा."

"गणपतीला माझा विरोध नाही. पण काढायचा का? चोरी केलीय?"

"बाबा, प्लीज," मुक्ता म्हणाली. "जस्ट फॉर अ मंथ." मग डोळे पुसत मराठीत आली, "त्याची आई नाही म्हणाली तर तोही नाही म्हणेल, बाबा."

साडूंनी फोटो काढला. रिकामा राखाडी गोळा ठेवला, गणपती नाही. "खोटं लावायचं नाही," म्हणाले, आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

नोव्हेंबरात बाई मुलाकडे आल्या आणि दोन्ही घरांनी एक दिवस एकत्र घालवायचं ठरलं. मी मॉल, कारंजी, क्रूझ असा घट्ट कार्यक्रम आखला होता. पहिल्याच चहाला बाई कप खाली ठेवून साडूंना म्हणाल्या, "तुमचा तो हॉस्पिटलचा लोगो का काढलात? छान होता."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत असं कुठल्या कंत्राटदाराकडे बघितलं नसेल. "हॉस्पिटल नाही," ते म्हणाले. "चर्च आहे. चला, दाखवतो." ताईंनी डोळे मिटले. मुक्ता उठून स्वयंपाकघरात गेली.

तीन तासांच्या प्रवासात मी एकदा "रस्ते मात्र चांगले आहेत" म्हणालो, त्याला कुणी दुजोरा दिला नाही. बेटावर पोचल्यावर साडूंनी नेहमीसारखं काही उभारलं नाही. हात खाली होते. बाईंना लाकडी पायवाटेवरून नेऊन एवढंच म्हणाले, "इथे साधू राहायचे. हे त्यांचं देऊळ. फोटोतला गिलावा इथला. मी ख्रिस्ती नाही, पण या कामात मला आजवर चूक सापडली नाही, म्हणून लावला होता."

बाई वेदीच्या बाजूला आल्या आणि थांबल्या. वाकून चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि हात जोडले.

साडू त्या चपलांकडे बघत राहिले. "मी इतक्या वेळा आलो," ते म्हणाले, "चपला काढायचं कधी सुचलं नाही."

"तुम्ही भिंत बघायला येता," बाई म्हणाल्या. "गाभारा तो गाभारा. कुणाचा का असेना." मग आजूबाजूच्या रिकाम्या खोल्यांकडे बघत विचारलं, "मग ही माणसं गेली कुठे? हाकललं का कुणी?"

"नाही. तसं काही सापडत नाही. जाळपोळ नाही, मोडतोड नाही. शेजारी दुसऱ्या धर्माचे झाले, तरी हे राहिले. मग केव्हातरी आपले आपण निघून गेले."

बाई म्हणाल्या, "मला भीती धर्माची नव्हती हो. हा एकदा इकडचा झाला, सासरही इकडचंच झालं, की मग परत येणंच नाही, असं वाटायचं. त्या फोटोवर आपलं बोट ठेवलं." आणि मुक्ताकडे वळून, "वर्षातून एकदा सांगलीला यायचं. दोघांनी. कबूल?"

मुक्ताने "कबूल" म्हणायच्या आधी मुलगाच "कबूल" म्हणाला. माझ्या खांद्यावरून वाळूचं पोतं उतरल्यासारखं झालं. पण बाईंनी जाता जाता ते पुरतं उतरू दिलं नाही. "आणि भावजी, तुम्ही यापुढे लोगो ओळखत जाऊ नका."

परतीच्या बोटीत ताईंनी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला. सकाळपासून लपवून आणला होता. "होईल, इन्शाल्ला, असं मनात म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मुक्ता आणि तो पुढे वाऱ्यात उभे होते. बाई ताईंच्या शेजारी बसून पाठवणीच्या साड्यांवर आल्या होत्या. मी पेढा घेऊन मागे साडूंजवळ गेलो.

"काय भाऊ, सुटलात ना?"

"सुटलो रे." पेढा त्यांनी अर्धा खाल्ला. "हिचं शिक्षण होऊ दे, मग हिचं लग्न होऊ दे, मग भारतात परत जाऊ, असं म्हणत थांबलो. व्हिसा दोनदा वाढवून घेतला. आता थांबायला कारण सांगता येणार नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण मला ऐन वेळी काय सुचतं हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, म्हणून मी बेटाकडे बघितलं. बेट मागे बारीक होत चाललं होतं. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बोट दाखवून मला काही समजावलं नाही. उरलेला पेढा खाल्ला, कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवली. मग बसल्या जागी सांडलेले चार कण बोटाने टिपून घेतले.