बापाचं तोंड

कचेरीत धम्मपालला सगळे गरीब गाय म्हणतात. आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत तो दाखल्यांच्या खिडकीवर बसतो, आणि त्या खिडकीवर बसणं म्हणजे दिवसभर लोकांचं ऐकून घेणं. कुणी तेलुगूत ओरडतं, कुणी हिंदीत, सीमेवरच्या तामसी गावाकडचा एखादा थेट आपल्या मराठीत. सर्व्हर बंद पडला तरी दोष याचाच. "बसा जरा काका, होऊन जाते," एवढंच हा म्हणतो. पाणउतारा करून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला, तर त्याला आधी पाणी विचारतो.

हाच माणूस संध्याकाळी मोबाईलवर लुडो घेऊन बसला की बायकोलाही ओळखू येत नाही. लुडो पोरांचाच खेळ, पण मोबाईलवर चार अनोळखी माणसं चार गावांहून फासे टाकतात आणि पटाखाली गप्पांची जागा असते. गप्पा कोण मारतो तिथं? तुमची गोटी मारायची आणि वर दात काढणारा चेहरा पाठवायचा, एवढ्यासाठीच ती जागा. तसा चेहरा आला की धम्मपालचं डोकं फिरायचं. मग बोटं चालायची. खेळाचं यंत्र शिव्या गाळून टाकतं. हिंदी शिवी टाका, फुल्या उमटतात, तेलुगूलाही फुल्या. आपली वऱ्हाडी शिवी मात्र त्याच्या अभ्यासक्रमात नाही. ती ठणठणीत पलीकडे पोचते. पलीकडच्याला ती कळत नाही, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही, असा धम्मपालचा हिशेब.

"दिवसभर गिळलेलं कुठंतरी ओकावं लागते ना," तो बायकोला म्हणायचा.

"ओका," शुभांगी म्हणायची. "पण घरात माणसं हायेत, हे ध्यानात ठेवा."

कारण लिहिता लिहिता तो तोंडानंही बोलायचा. आणि ते तोंड त्याचं नव्हतंच. ते त्याच्या बापाचं होतं.

देवाजी मजुरीवरून पिऊन आला की मायला, चंपाबाईला, शिव्या द्यायचा. न पिता आला तरी द्यायचा. भाजीत मीठ कमी, शिवी. मीठ जास्त, शिवी. हात कधी उचलला नाही म्हणून लोक त्याचं कौतुक करायचे, लोकांचं काय जातं? तो गेला तेव्हा धम्मपाल पोटभर रडला, आणि घर किती शांत झालं हेही त्याला त्याच दिवशी कळलं. मग चंपाबाई धाकट्याकडे, हर्षदीपकडे मंचेरियलला गेली, त्याचं बाळ सांभाळायला. आता ते बाळ शाळेत जाऊ लागलं होतं. माय आपल्याकडे राहायला यावी, एवढी एकच गोष्ट धम्मपालला हवी होती. त्यानं तिच्यासाठी खोली रंगवली, डासांची जाळी बसवली.

माय आली. महिनाभर राहते म्हणाली आणि आठवड्यातच पिशवी भरली. तो बसस्टँडवर सोडायला गेला तेव्हा ती म्हणाली, "खोली साजरी हाय बाप्पा. पण भिंतीच्या तिकून तुह्या बापाचा आवाज येते. मले वाटलं, मेला तरी आलाच हा मांगं."

"माय, मी तुले बोलतो का? ते गेममधल्या लोकायले बोलतो."

"मी कुठं म्हनतो का मले बोलतं. आवाज तं तोच हाय ना."

त्या दिवसापासून धम्मपालनं काय काय केलं नाही. विपश्यनेच्या शिबिरात शिकलेलं श्वासाचं ध्यान केलं. श्वास आत, श्वास बाहेर, आणि तेवढ्यात कुणी गोटी मारली की ध्यान उडून जायचं. गेम काढून टाकला, परत घेतला. तोंडात सुपारी धरली, तर बोबडी शिवी निघाली. शुभांगी म्हणाली, राग आला की फोन पालथा ठेवा. त्यानं फोन पालथा ठेवला आणि भिंतीला शिव्या दिल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेलेल्याची खोड, ती कशानं जायची?

शेवटी हर्षदीपनंच तोड काढली. "दादा, तू मायसंगच खेळत जाय. आयतवारी दुपारी. मायच समोर असली तं तोंड कसं सुटन?"

चंपाबाई लुडो लवकर शिकली. ती मंचेरियलला, धम्मपाल इथं, पण खेळात दोघं एका बाजूला, समोर जे कोणी अनोळखी येतील ते. हर्षदीपचा फोन तिच्या हातात आणि त्याचा माइक चालू, म्हणजे तिचं बोलणं इकडे ऐकू यायचं. धम्मपाल आपला माइक बंदच ठेवायचा, स्वतःच्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून. तो लिहायचा. चंपाबाई प्रौढांच्या वर्गात मराठी अक्षरं शिकली होती, म्हणून त्यानं फोनवर मराठी लिपी घेतली. "शाबास माय," तो लिहायचा, आणि पलीकडून अक्षरं जुळवल्याचा आवाज यायचा, "शा... बा... स... मा... य," आणि मग तिचं हसू. बरेच आयतवार असे सुखाचे गेले. एकही शिवी नाही. एका आयतवारी ती आपणहून म्हणाली, "धम्मचक्राचा दिवस झाला का येतो तुह्याकडं. राहाले येतो." धम्मपालनं शुभांगीला हाक मारून ते सांगितलं.

पुढच्याच आयतवारी समोर सिंहाचं चित्र लावलेला कुणी आला. तो गोट्या मारायचा आणि दर वेळी दात काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवायचा. धम्मपालनं श्वास घेतला. पाणी प्यायला. निभावलं. शेवटी सिंहाची एकच गोटी उरली, घराच्या अगदी तोंडाशी, आणि चंपाबाईला नेमका तिला मारायचा फासा पडला.

"मार त्याची गोटी," धम्मपालनं लिहिलं.

तिनं ते वाचलं. "कोनाची, हे? राहू दे रे. बिचारी घराच्या दारात आली, आता काऊन मारू?" आणि तिनं दुसरीच गोटी सरकवली.

सिंह घरात गेला. डाव गेला. दातांची रांग आली.

आणि धम्मपालनं लिहिलं. अनोळखी समजून नाही. समोर माय आहे, हे पुरतं ठाऊक असताना लिहिलं. मीठ कमी पडल्यावर देवाजी जी शिवी द्यायचा तीच, सबंध, मायला. बोट उचललं तेव्हा त्याला कळलं की हे झालं. लिहिलेलं पुसायची सोय त्या खेळात नाही. फुल्याही उमटल्या नाहीत.

पलीकडून पहिलं अक्षर ऐकू आलं.

"माय, वाचू नोको," तो ओरडला, पण त्याचा माइक बंद होता. दुसरं अक्षर आलं. फोन करावा तर हर्षदीपचा फोन तिच्याच हातात, खेळातून बाहेर येऊन तो उचलणं तिला जमत नव्हतं, आणि उचलून देणारा हर्षदीप दूध आणायला गेलेला. धम्मपाल माइकची खूण शोधत राहिला, खूण सापडेना. चंपाबाई सावकाश, वर्गात शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेली, आणि मग सगळी जोडून एकदा सबंध वाचली. वाचून झाल्यावर तिला कळलं.

खूण सापडली, माइक लागला, पण धम्मपालनं तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला.

"चुकलं जी माह्यं," चंपाबाई म्हणाली.

पोराला ती जन्मभर अरे-तुरेच करत आली होती. जी म्हणायची ती फक्त देवाजीला.