ठिपका हलतोय

आधीच सांगते, पिस्तूल या वस्तूशी माझा काडीचा संबंध नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या हातातलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे लाल पेन. तरी गेल्या उन्हाळ्यात दोन महिने माझ्या फोनवर सकाळ-संध्याकाळ पिस्तूल, पिस्तूल आणि पिस्तूल एवढंच चालू होतं. कारण आमचे दादा. आम्ही वडिलांना दादा म्हणतो.

आई गेल्यापासून दादा वैजापूरच्या अलीकडं शेतात एकटेच राहतात. वय सत्त्याहत्तर. दोन खोल्या, एक विहीर, कांद्याची चाळ आणि एक पिवळा कुत्रा, एवढा त्यांचा संसार. मी तीन वर्षं मागं लागले होते की दादा, शहरात माझ्याकडं चला. त्यांचं उत्तर ठरलेलं. "काय करू तिथं? गॅलरीत बसून गाड्या मोजू?"

मग विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेली. कुत्रा भुंकलासुद्धा नाही. त्यानं चोरांपुढं शेपूटच हलवलं असणार. माझ्यापुढंही हलवतो, आणि मला तर कुत्री बघवत नाहीत. मी फोनवर ठणकावून सांगितलं, आता बास, बॅग भरा. दादा म्हणाले, "बॅग नाय भरायची. बारकं पिस्तूल घेतो, कमरेला राहील, कुणाला दिसणार बी नाय. मंग तर झालं?"

त्यांच्याकडं परवाना होता, आडतीच्या धंद्यात रोकड घेऊन फिरायचे तेव्हापासूनचा. त्यावर एक जुनं रिव्हॉल्वर होतं, वरवंट्याएवढं जड. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करायचं, निकाल लागला की परत आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. आता ते विकून त्यांना नवं हवं होतं. आणि नवं म्हणजे साधंसुधं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनवर कुणा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. त्याचं इंग्रजी एक अक्षर कळत नसे, पण त्याच्या पिस्तुलावर बसवलेली बारकी काच आणि काचेतला लाल ठिपका दादांच्या मनात बसला.

"पुढचं टोक, मागची खाच आन् समोरचा चोर, तिन्ही एकदम नाय दिसत आता," ते मला समजावत. "ह्याच्यात नुसता ठिपका बघायचा. ठिपका जिथं, गोळी तिथं."

"चोर थांबेल का तोपर्यंत?"

"तू मास्तरीण हाय, तुला नाय कळायचं."

शेवटी वैतागून मी अट घातली. मनासारखं पिस्तूल मिळालं तर खुशाल शेतात राहा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही मिळालं तर माझ्याकडं यायचं. दादा म्हणाले, "शब्द." मी मनातल्या मनात जिंकले होते. एक चप्पल घ्यायला चार दुकानं पालथी घालणारा माणूस, त्याला पिस्तूल काय पसंत पडणार!

पण त्याआधी कलेक्टर ऑफिस. जुनं विकायची परवानगी, नव्याची परवानगी, फोटो, फॉर्म, झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. मी शाळेतून अर्धी रजा काढून त्यांना घेऊन गेले. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. म्हणाल्या, जुन्या कागदावरची सही आणि ही सही जुळत नाही. दादांनी परत केली. परत नाही जुळली. मागं रांग खोळंबलेली, माणसं उसासे टाकतायत.

"दादा, नीट करा ना सही! दुसरीतली पोरं बरी काढतात!"

"पेन खराब हाय," ते म्हणाले.

मी पर्समधून माझं पेन दिलं. तेही खराब निघालं. शेवटी बाईंनाच दया आली, त्यांनी मोठ्या साहेबांसमोर सही घेतली आणि प्रकरण मिटलं. परत येताना दादांनी माझ्या गाडीच्या नव्या सीटवर अर्धा कप चहा सांडला. मी म्हटलं, लक्ष कुठं असतं तुमचं? ते म्हणाले, तू गाडीच तशी चालवती. गाडी तेव्हा उभी होती.

परवानगी आली आणि आम्ही दुकानात गेलो. जुन्या शहरातलं हत्यारांचं दुकान, दोन पिढ्यांचं. मालक साठी उलटलेले, मेंदी लावलेली दाढी, बोलायला अतिशय गोड. दादांना ते आडतीच्या दिवसांपासून ओळखत होते. "आओ साब, कित्ते दिन के बाद!" म्हणून खुर्ची पुसून दिली आणि कागद बघून जुनं रिव्हॉल्वर ठेवून घेतलं.

पहिला तास कमरेत गेला. पिस्तूल लपवायचं तर ते अडकवायचं कुठं? दादा घालतात पायजमा. नाडीचा. मालकांनी चामड्याची पिशवी नाडीत खोचली, त्यात रिकामं पिस्तूल ठेवलं, दादा दोन पावलं चालले आणि पायजमा खाली यायला लागला. मी कपाळाला हात लावला. "पट्ट्याची पँट घाला म्हणावं," मी मालकांना सांगितलं. दादा माझ्यावर खेकसले, "जलमात घातली नाय, आता घालू?" मग बंडीच्या आतल्या खिशात ठेवून पाहिलं. बंडी एका खांद्यावरून पार लोंबायला लागली, आणि जे कुणाला दिसायला नको होतं ते रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालासुद्धा दिसलं असतं. शेवटी एक रुंद कापडी पट्टा निघाला, पोटाला बांधायचा. तो बसला. दादा खूश. मी घड्याळ बघत होते.

"आता ठिपका दाखवा," दादा म्हणाले.

मालकांनी सगळ्यात लहान पिस्तूल काढलं, बत्तीस बोअरचं, वर ती नखाएवढी काच. आधी उघडून, रिकामं असल्याचं आम्हा दोघांना दाखवून, मग हातात दिलं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. "साब, चौदा तारीख पे लगाव."

दादांनी हात लांब केला, एक डोळा मिटला. मग पिस्तूल काउंटरवर ठेवलं. "ह्याचा ठिपका हलतोय. चौदावरून पार सोळावर जातोय. ढिला बसवलाय."

मालकांनी स्क्रू तपासला, दुसरं काढून दिलं. दादांनी परत नेम धरला. "ह्याचा बी हलतोय."

"बॅटरी बदलून बघा ना," मी म्हटलं. मला त्यातलं काय कळत होतं, पण आमच्या घरात काहीही बिघडलं की आधी बॅटरी. मालकांनी निमूट बॅटरी बदलली. ठिपका हललाच. तिसरं पिस्तूल निघालं, पेटीतलं, अगदी कोरं. दादांनी दोन्ही हातांनी धरलं, कोपर काउंटरवर टेकवलं, श्वास रोखला.

"छ्या! लई भंगार माल हाय."

माझा पारा चढला. दोन महिने रजा, रांगा, झेरॉक्स, आणि शेवटी माल भंगार! जिंकल्याचा आनंद वगैरे कुठल्या कुठं गेला. "आणा इकडं," म्हणत मी ते तिसरं पिस्तूल मालकांच्या परवानगीनं हातात घेतलं. जन्मात पहिल्यांदा. दादांनी धरलं होतं तसंच धरलं आणि काचेतून बघितलं.

लाल ठिपका चौदा तारखेवर होता. चौदाच्या चारवर. थोडासा तरंगला आणि तिथंच राहिला.

मी बघत राहिले. मग नजर मालकांकडं गेली. ते माझ्याकडं बघतच नव्हते, काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर उगाच पुसत होते. त्यांना पहिल्या पिस्तुलालाच कळलं होतं. आणि मी, जी रोज साठ पोरांच्या वह्यांतली एकेक चूक शोधते, तिला सहीत कळलं नाही, चहात कळलं नाही. मीच त्यांना दुसरीतलं पोर म्हणाले होते. मला स्वतःचाच राग आला.

"हलतोय ना?" दादांनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात काउंटरच्या खाली होते.

"हलतोय," मी म्हटलं. "हो दादा, फार हलतोय."

मालकांनी पिस्तूल माझ्या हातातून घेतलं, डोळ्याला लावलं, लगेच खाली ठेवलं. "हौ साब, हिलरा. पूरा माल ऐसाच आया लगता. ये नक्को लेव तुम."

दादांनी मान डोलावली. पोटाचा पट्टा सोडायला गेले, त्यांना सुटेना. मालक काउंटरच्या बाहेर आले आणि बोलता बोलता, कांद्याचा भाव विचारत, त्यांनीच तो सोडला.

दादांना शेतावर सोडायला निघालो. नगर नाका गेला, पडेगाव गेलं. मी मनात डॉक्टर कोणता, वेळ कशी घ्यायची, त्यांना काय सांगून न्यायचं, याची जुळवाजुळव करत होते आणि त्यांच्या हातांकडं बघायचं टाळत होते. मिटमिट्याच्या पुढं चहाला थांबलो. दादांनी कप दोन्ही हातांनी धरला, काकड आरतीला थंडीत उभी असलेली माणसं धरतात तसा. मी माझा चहा तसाच ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "धंद्यातला माणूस सवताच्या मालाला कधी खराब म्हणतो का गं?"

मी चहावरची साय चमच्यानं बाजूला केली.

"मी चाळीस वर्षं आडत केली. सडका कांदा बी आम्ही उन्हानं जरा कोमेजलाय म्हणायचो. आन् तो तीन कोरी पिस्तुलं खराब म्हणला. तू म्हणली म्हणून म्हणला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "वरीस झालं हे. उजव्या हातापासनं सुरू झालं. तुला दिसू नाय म्हणून खिशात ठेवायचो."

"मग पिस्तूल कशाला हवं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "हात असा असताना पिस्तूल? आणि मला का नाही सांगितलं? दोन महिने माझा जीव खाल्लात!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बॅग भरली असती. त्या व्हिडिओत ठिपका लई गप बसलेला दिसायचा. मला वाटलं, काचंमुळं माझा बी बसंल."

चहाचे पैसे दिले, गाडीत बसलो, मी गाडी तशीच पुढं वैजापूरच्या दिशेनं काढली.

"आता तिकडं कशाला? वळव, तुझ्या घरी घे," दादा म्हणाले. "शब्द दिलाय मी."

तीन वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, आणि आता ते मला ऐकवेना. मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी बंडीच्या खिशातून परवान्याचं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. या वेळी हात लपवला नाही. हात थरथरत होता, आणि दोघंही त्याच्याकडं बघत होतो.

"एकच हाय," ते म्हणाले. "कुत्रं आणावं लागंल. त्याला भाकर टाकायला तिथं दुसरं कोण हाय?"

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सोसायटीत कुत्री चालत नाहीत, आणि मला तर ती अजिबातच चालत नाहीत.

"मग आधी शेतावरच जाऊ," मी म्हटलं, "त्याला घेऊनच परत येऊ." आणि गाडी वैजापूरकडं काढली.