गिरजाबाईचं खळं आणि गुप्तेसाहेबांचं विमान

करावे गावच्या गिरजाबाई तांडेलनं कुणाकडून फुकटचा घोटभर चहाही कधी घेतला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी चांगली पाच वर्षं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून तिकिटं फाडली आणि त्या काळात या बाईनं माझं डोकं इतकं खाल्लं की कौतुक वगैरे सुचायला फार उशीर झाला.

तिच्या वागण्याला कारण होतं, हे मला गावातून कळलं. सत्तर सालानंतर नव्या शहरासाठी जमिनी जायला लागल्या, तेव्हा तिचा नवरा कान्हा एका सभेला गेला होता. त्याला हार घातला, चहा पाजला, फोटो काढला. तो आपला पाहुणचार समजून हसला. पुढे तक्रार घेऊन गेला, तेव्हा टेबलामागच्या माणसानं तोच फोटो पुढे केला आणि म्हणाला, "तुम्ही तर खुशीनं दिलीत की!" भातशेती गेली, मिठागरातला वाटा गेला, काही वर्षांनी कान्हाही गेला. गिरजाबाईकडे उरलं ते खाडीकाठचं खळं, म्हणजे जवळा, ती बारीक कोलंबी, सुकवायची सारवलेली मोकळी जागा. त्याचा कागद नव्हता, फक्त वहिवाट होती. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. कुणाचं काही घ्यायचं नाही आणि खळं एक दिवसही रिकामं ठेवायचं नाही. पावसाळ्यात जवळा सुकत नाही, तर ही बाई तिथं टोपली पालथी घालून शेजारी इरलं पांघरून बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "वहिवाट मोडली की जागा गेली."

आणि नेमकं या खळ्याला लागून आमचं संग्रहालय आलं.

विंग कमांडर श्यामसुंदर गुप्ते निवृत्त होऊन वाशीला राहायला आले होते. त्यांनी आणि त्यांच्या चार दोस्तांनी मिळून हवाई दलाची जुनी विमानं जपायचं मनावर घेतलं. नव्या शहराच्या ऑफिसनं त्यांना खाडीजवळची एक पत्र्याची शेड वापरायला दिली. मी बी.ए. होऊन फ्लॅटमध्ये बसून होते, मला तिकीटखिडकी मिळाली. शेडमध्ये एक लाकडी पंखा होता, आतलं दिसावं म्हणून मधोमध कापलेलं एक इंजिन होतं, पॅराशूट होतं, पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाईचे फोटो होते. या सगळ्याचा राजा म्हणजे नॅट. हे छोटंसं लढाऊ विमान साहेबांनी भंगारात जाता जाता वाचवलं होतं. त्यांचा जिवलग दोस्त असंच नॅट उडवायचा आणि लढाईत गेला तो परत आला नव्हता. साहेब याबद्दल फारसं बोलत नसत. फक्त विमानाजवळून जाताना त्याच्यावर हात ठेवून जायचे.

विमान ट्रेलरवर आलं, तेव्हा त्याचे पंख काढून पेट्यांत भरले होते आणि वर ताडपत्री होती. गिरजाबाई खळ्यावरून उठून थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"ह्याचे पंख कुठं हायत?"

"पेटीत आहेत बाई. इथं आणून जोडायचे."

"मंग झाकून कशाला आनलाय? चांगला काम कोन झाकून करतं?"

साहेब हसले. ती हसली नाही. त्याच दिवशी तिनं गावात जाऊन सांगितलं, "आज इमान आला, उद्या इमानतल येनार. मंग गाव कुठं जानार?" यावर गावकीची बैठक बसली. वामन पाटील म्हणून गावचे जाणते होते, ते येऊन शेड बघून गेले. "अगं, हे मेलेलं विमान हाय, उडत नाय," असं त्यांनी तिला समजावलं. ती म्हणाली, "तेच तर. उडत नाय म्हंजे हितंच राहनार."

वामन पाटील हात जोडून घरी गेले.

रोज सकाळी ती आमच्या कुंपणाची तार हातानं चाचपत जायची. रात्रीत सरकली तर नाही ना, म्हणून. नवं इंजिन आलं की कुठून आलं, माणूस आला की कोण आला, हे सगळं तिला हवं असायचं. माझ्याकडे येऊन म्हणायची, "बाय, आज तुझा साएब पायानं जमीन मोजत होता." साहेब बिचारे जेवणानंतर शतपावली करत होते.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं नॅटच्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरायला लागली. साहेबांनी ती तिला बोटावर दाखवली आणि खारं वारं धातू कसा खातं ते समजावून सांगितलं. तिला ऐकू आलं ते एवढंच की माझा जवळा उचलायला सांगतोय. तिनं दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जवळा पसरला. आमच्याकडे येणारे लोक नाकाला रुमाल लावून देशाचा पराक्रम बघायला लागले.

साहेबांनी मग विमान गोड्या पाण्यानं धुवायला आठवड्याला टँकर मागवला. गावात तेव्हा बायका पाण्यासाठी तासन् तास ताटकळत. साहेबांना लाज वाटली, त्यांनी आधी बायकांचे हंडे भरायचे आणि उरेल त्यात विमान धुवायचं असं ठरवलं. सगळ्या आल्या. गिरजाबाई खळ्यावर बसून राहिली. तिची जाऊ पुतळाबाई म्हणाली, "ये की गं, पाणीच हाय."

"आज हंडा भरला, तं उद्या म्हनतील, तुमाला जागेचा मोबदला दिला."

मी तिथं तिच्यावर ओरडले. साहेब मला म्हणाले, "अरुणा, तिला फसवलंय कुणीतरी. आपण नाही फसवलं, पण ते तिला कसं कळणार?" मला तेव्हा साहेबांचाही राग आला. माणसानं इतकं भलं असू नये असं वाटलं.

चौऱ्याऐंशी साली जासईला जमिनीसाठी निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. करावे गाव सुन्न झालं. गिरजाबाई आमच्या खिडकीशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचा संशय वेडगळ आहे असं त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. तो माझ्यावर होता याचं मात्र वाईट वाटत राहिलं.

शहाऐंशीत ऑफिसचा एक माणूस शेडमध्ये आला. म्हणाला, शाळांच्या बस येतात, त्या उभ्या करायला जागा नाही. जागा करा, नाहीतर शेड सोडा. साहेबांनी विचारलं, "जागा आहे कुठं?" त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. "ती मासळीवाली बसते ना, ते तुमच्यात घ्या. तिच्याकडे कागद नाही. तुम्ही फक्त हो म्हणा." मी तिथंच होते. साहेबांनी जाऊन नॅटवर हात ठेवला. मग म्हणाले, "नाही."

तो गेल्यावर साहेब सरळ खळ्यावर गेले. मीही मागोमाग गेले.

"गिरजाबाई, तुमचं खळं मला देताहेत. मी घेणार नाही."

ती झटकन उभी राहिली. "नाय घेनार म्हंजी किती दिस नाय घेनार?"

"कधीच नाही. मी विमान घेऊन जातोय."

"हां," ती म्हणाली. "म्हंजे जागा रिकामी करताय."

साहेब शेडकडे परतले.

नॅटचे पंख काढायला सुरुवात झाली तशी तिची खात्रीच पटली. हे विमान हलवून तिथं काहीतरी मोठं आणणार. ट्रेलर निघायच्या दिवशी ती रस्त्यात आडवी बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "जा, शेडमध्ये जाऊन बघा. सगळं बघा." ती गेली. आत रिकाम्या जमिनीवर तेलाचे डाग होते, बाकी काही नव्हतं. तिनं कोपरे बघितले, पत्र्यामागे वाकून बघितलं, बाहेर आली आणि बाजूला झाली. साहेबांनी तिला नमस्कार केला. तिनं केला नाही. तो नमस्कार तसाच राहिला, हे मला अजून सलतं.

विमानाला दुसरी शेड मिळाली नाही. लांबच्या एका कॅम्पच्या फाटकाशी ते उघड्यावर उभं केलं. साहेब एकदा जाऊन बघून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "पाऊस फार आहे तिकडं." पुन्हा ते तिकडं गेले नाहीत.

इकडं बस यायच्या बंद झाल्या, त्यामुळे खळ्याच्या तुकड्यात ऑफिसला रस उरला नाही. पुढच्या वर्षी मी नेरूळला कामाला जात होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गेले. गिरजाबाई जवळा उलटत होती. मला बघून तिनं आधी माझ्या मागं कोण आहे ते पाहिलं. कुणी नव्हतं.

"बाय, अजून कोनीच नाय आला. मापं घ्यायला बी नाय. कधी येनार हायत?"

"कुणी येणार नाही."

"मंग इमान कशाला नेला?"

मला संताप आला. पाच वर्षांचा सगळा संताप. "तुमचं खळं घ्यायचं नव्हतं म्हणून नेलं! खळं घेतलं असतं तर विमान राहिलं असतं. तुमच्या तोंडावर सांगितलं होतं साहेबांनी, मी तिथं उभी होते. शब्दावर विश्वास ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

तिचा हात जवळ्यात तसाच राहिला. रस्त्यात बसली होती त्या दिवशीही तिचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"खरा बोलनारा पयल्यांदाच भेटला गं बाय," ती म्हणाली. "वलखनार कशी?"