साच्यातली चौथी जागा

‘गावठी’ हा शब्द मालकाचा नव्हता. तो मी मालकाच्या नावावर खपवला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या वस्तूबद्दल तो शब्द वापरला त्या मित्राला तर नाहीच. त्याच्या घरात तो शब्द अजून मालकाचाच म्हणून चालतो.

मी तेव्हा पंचविशीत होतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. आम्ही केमिकलच्या कॅनची बुचं बनवत असू, आणि बुचांना मागणी नसली की न्हाणीघरातले मग आणि साबणाच्या डब्या. नोकरी बरी होती. नोकरीबाहेर मला एकच नाद होता आणि तो सांगण्यासारखा नव्हता. मी अंतराळवीर जमवत होतो.

टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. तिच्यातली पात्रं बोटभर उंचीच्या बाहुल्या होऊन, पुठ्ठ्यावर फुगीर पारदर्शक पाकिटात बंद होऊन, आमच्या बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात येत. मी दुकानदाराला सांगून ठेवलं होतं की भाच्यासाठी घेतोय. मला भाचा नव्हता. “तुमचा भाचा काही मोठा होत नाही वाटतं,” असं तो एकदा म्हणाला आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. घरी मी ते आई देवळात गेली की उघडायचो. बाहुल्या ट्रंकेत राहत, जुन्या स्वेटरखाली.

प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे सगळ्या संचाची चित्रं असत. ती चित्रं आणि दुकानात प्रत्यक्ष येणारा माल ताडून पाहायची मला सवय लागली. बनवणारे काय बनवतात आणि काय नाही, यालाही एक रीत असते हे तिथे कळलं. नायक पाच तऱ्हेचा मिळे. साधा, जंगलातला, बर्फातला, पाण्यातला आणि पाठीवर पंख लावलेला. मालिकेत तो जंगलात कधी गेल्याचं मला तरी आठवत नाही. यानातली एकुलती एक बाई चित्रात होती, दुकानात एकदाच आली, तीही एकच, आणि ती मी घेतली. यान दुरुस्त करणारा म्हातारा तर चित्रातही नव्हता. एवढी मोठी यानं, पण त्यांत स्वयंपाक करणारा, पाणी भरणारा, केर काढणारा एकही माणूस कंपनीने काढला नाही. कारखान्यात असल्यामुळे मला कारण समजत होतं. खरा खर्च साच्याचा. तो एकदा झाला की प्लॅस्टिकच्या दाण्यात रंग बदलायचा, की तोच माणूस जंगलात जातो आणि तोच बर्फात. नायक खपतो म्हणून बनतो, आणि बनतो म्हणून तोच खपतो. यात कुणाचा दुष्टावा नसतो.

मला हवा होता तो खलनायकाच्या दारावरचा पहारेकरी. मालिकेत तो दारात उभा असे आणि बहुतेक वेळा पहिला मरे. डावखुरा होता, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. चित्रात दुसऱ्या रांगेत होता. आपल्याकडे तो आलाच नाही. मुंबईला गेलो की मी फुटपाथवरच्या खेळण्यांच्या ढिगाऱ्यांत हात घालून बघायचो. संचातली एक जागा रिकामी राहिली की जमवणाऱ्याला काय होतं, ते न जमवणाऱ्याला सांगून उपयोग नाही. ट्रंक उघडली की मला आधी तीच जागा दिसे.

ट्रंक पाहिलेला दुसरा माणूस एकच, तो मित्र. आमच्याकडे हाताने दाबायच्या मशीनवर तो काम करायचा. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतून यायचा. घरी गुरं, शेरडं, थोडी नाचणी आणि वरी. डोंगर उतरून एसटी पकडायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. लग्न लवकर झालेलं, एक मुलगी रांगत होती. फावल्या वेळात तो लाकूड कोरायचा. गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, रवीची फुलं, पोरीसाठी बैल. मी बाहुल्या दाखवल्या तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. एकेक हातात घेऊन सांधे वाकवून बघितले.

“याला बसता येत नाय,” तो म्हणाला.

खरंच गुडघे वाकत नव्हते. माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

“इतक्या लांब जायाचं आन् उभाच?”

बुचांचं काम मंदावलं त्या वर्षी मालकाने खेळणी काढायचं ठरवलं. तो मुंबईहून आठवड्यातून एकदा येई. छबिन्याच्या जत्रेत, एसटी स्टँडवर, पाचाडला गड बघायला येणाऱ्या शाळांच्या सहलींत स्वस्त अंतराळवीर खपतील असा त्याचा हिशेब होता. माझ्या ट्रंकेची बातमी त्याला मित्राने दिली. चांगल्या मनाने दिली, मलाच काहीतरी मान मिळावा म्हणून. मालकाने मला बोलावून सांगितलं की एका साच्यात चार जागा आहेत, एका दाबात चार बाहुल्या पडतील. तीन माझ्याकडच्या घ्यायच्या आणि डोकी थोडी बदलायची. चौथी मात्र आपली हवी, कुठे न पाहिलेली. पुढच्या खेपेला तो साचा करणाऱ्याला घेऊन येणार होता, तेव्हा दाखवायची.

हे मी मित्राला जसंच्या तसं सांगितलं. तेवढं तरी खरं सांगितलं. काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्याने डब्याच्या पिशवीतून एक फडकं काढलं आणि माझ्यासमोर सोडलं.

पांगाऱ्याच्या लाकडाचा माणूस होता. बसलेला. एका दगडावर, गुडघ्यांवर हात टेकून, चढ चढून आल्यावर माणूस बसतो तसा. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली, पण खोळीच्या आत चेहरा नव्हता, गोल गुळगुळीत खोलगट काच कोरलेली होती. पाठीवरून एक नळी निघून खोळीत जात होती. पायाशी एक करडू होतं आणि त्याच्याही डोक्याभोवती तसलीच गोल काच, तिच्यातून कान बाहेर आलेले.

करडू कशाला, असं मी विचारलं.

“एकटा कसा जाईल?” तो म्हणाला. “जनावर बरोबर असलं म्हंजे मानूस घरी येतो.”

माझ्या ट्रंकेत तसं काही नव्हतं. कुणाच्याच ट्रंकेत नसणार. हे मला तिथेच, भाकरी हातात असताना, कळलं होतं. म्हणून पुढचं मी न कळून केलं असं म्हणता येत नाही.

त्या रविवारी मी घरी बसून पहारेकऱ्याचं चित्र काढलं. समोरून, बाजूने, मापं घालून. मित्राची वस्तू पाहण्याआधी हा विचार माझ्या डोक्यात नव्हता. ती पाहिल्यावर आला. साच्यात एक जागा आहे आणि ती आता भरणार, हे दिसल्यावर मला माझी रिकामी जागा आठवली.

मालक आला त्या दिवशी मित्र दुसऱ्या पाळीला होता. वस्तू त्याने माझ्याकडे देऊन ठेवली होती. मी त्याच्यापेक्षा चांगलं बोलतो म्हणून मीच दाखवावी, असं त्याचंच म्हणणं होतं. टेबलावर माझ्या तीन बाहुल्या ओळीत उभ्या केल्या होत्या. साचा करणारा त्यांची मापं घेत होता. मालकाने विचारलं, चौथी? मी पिशवीत हात घातला. आधी हाताला लाकूड लागलं, करडाचा कान. मी कागद बाहेर काढला.

मालकाने कागदाकडे पाहिलं. “डावखुरा? चालेल,” म्हणाला आणि चहा सांगितला. पहारेकरी आमचा नव्हता, तोही उचललेलाच होता. पण मालकाने मालिका पाहिली नव्हती, त्याला तो नवाच.

दुसऱ्या दिवशी गेटजवळ मित्र उभा होता. मालक काय बोलला, असं त्याने विचारलं. नको म्हणाला, असं मी सांगितलं. तिथे थांबलो असतो तर गोष्ट इतकी लांबली नसती. पण त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. तो कामाचं विचारत होता.

“काय बदलू? खोळ काढू का?”

तो दुसरी कोरून आणणार होता. आणली असती आणि या वेळी स्वतः मालकापुढे नेली असती. मला ती वाट बंद करायची होती.

“गावठी दिसतंय म्हणाला,” मी म्हटलं. “म्हणाला, गावठी वस्तू कोण घेणार?”

त्याने मग मान हलवली. “ते हायच,” म्हणाला, आणि मी परत दिलेली वस्तू फडक्यासकट पिशवीत टाकून पाळीवर गेला.

साचा आला तो त्याच्याच मशीनवर चढला. माझा पहारेकरी त्याच्या हातांनी दाबला गेला. एकदा त्याने मला बोलावून दाखवलं, चारांत हाच साफ उतरतो, बाकीच्यांच्या बगलेत प्लॅस्टिक राहतं. मी दोन पहारेकरी घरी नेले. खोटं कशाला सांगू, संच पूर्ण झाल्याचा आनंद झाला. तो बरेच दिवस टिकला. खेळणी तेवढी टिकली नाहीत. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांवर मातीच्या मावळ्यांशेजारी आमचे अंतराळवीर दिसले, पण पहारेकरी क्वचित. दुकानदार म्हणत, पोरं त्याला सोडून बाकीचे निवडतात. वर्षभरात मालकाने तो साचा काढून ठेवला आणि आम्ही पुन्हा बुचांवर आलो. पुढे कारखानाही बंद झाला. मी दुसऱ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो, तो एका केमिकल कंपनीत पॅकिंगला.

मैत्री मात्र राहिली. दर शिमग्याला मी त्याच्या वाडीत जायचो आणि दर शिमग्याला तो ही गोष्ट चारचौघांत सांगायचा. स्वतःवरच हसून सांगायचा. मालकाचा आवाज काढायचा, जरा मुंबईकर, जरा नाकातला. मालक तसा बोलत नसे. “माझ्या गड्यानं तिकीट काढलं चंद्राचं,” तो म्हणायचा, “मालकानं उतरवला पोलादपूरला. का? तर गावठी!” लोक हसायचे. कुणीतरी विचारायचा की मग करडाचं अर्धं तिकीट का फुल. मीही हसायचो. गोष्ट दर वर्षी थोडी सुधारत गेली, फक्त तो एक शब्द तसाच राहिला.

लाकडी माणूस मुलीकडे होता. ती त्याच्याशी खेळली, त्याची नळी मोडली, मग ती त्याची चित्रं काढू लागली. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर खोळ घेतलेली माणसं, कुठल्या तरी उजाड जागी बसलेली, बरोबर गाय, कोंबडी, एकदा तर अख्खा कळप, सगळ्यांना काचेच्या टोप्या. मला ती आवर्जून दाखवायची. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना तिला चांगली श्रेणी मिळाली. दहावी झाली तेव्हा शाळेतल्या सरांनी तिला चित्रकलेच्या कोर्सला पाठवा असं सुचवलं.

पेढे खायला म्हणून मी गेलो होतो त्या दुपारी हा विषय निघाला. खर्चाचं त्याला फारसं काही नव्हतं, तो कसाही उभा केला असता. त्याची बायकोही जाऊ द्या म्हणत होती. पण तो तयार नव्हता.

“नाय गो,” तो मुलीला म्हणाला. “आपन करतो ते आपल्याला बरं दिसतं. बाहेरचा बघतो तवा कळतं. मला कळलं ना? जल्माचं कळलं. तुला तसं नको.” मग माझ्याकडे हात केला. “विचार काकाला. हा होता समोर.”

मुलगी वळली. तिने मला नीट विचारलं, जसं काही माझ्यावरच ठरणार होतं.

“काका, ते खरंच गावठी असं म्हणाले?”

“हो,” मी म्हटलं. “तसंच म्हणाले.”

तिने मान खाली घातली. तिला बरं वाटावं म्हणून त्याने चंद्राच्या तिकिटाची गोष्ट काढली, आणि शेवटी तीही थोडी हसली.

ती कॉमर्सला गेली. आता महाडला एका पतपेढीत काम करते. काम चांगलं आहे, तिची तक्रार ऐकलेली नाही. चित्रं काढते का, ते मी विचारलेलं नाही.

मालकाने ती वस्तू पाहिली असती तर घेतली असती, असं मी म्हणत नाही. बहुधा नसतीच घेतली. बसलेला माणूस आणि वर करडू, साचा महाग पडला असता. पण तो त्याचा नकार असता आणि मित्राने दुसरी कोरली असती. आता मालकही हयात नाही. मी बोललो तर मित्र मला घराबाहेर काढेल याची मला भीती वाटत नाही. तो काढणार नाही, पुढच्या शिमग्यालाही बोलावेल. गप्प राहण्यामागे तेही एक कारण आहे.

हे लिहून काही फिटत नाही, कारण तो असलं वाचत नाही. त्याच्या घरी जाऊन, मुलगी समोर असताना, मालकाने तुझी वस्तू कधी पाहिलीच नाही आणि तो शब्द माझा होता, एवढं त्या दोघांना सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.